गटारीतलं लाल गवत

नळाच्या कामात आमच्या पंचक्रोशीत माझा हात धरणारा कोणी नाही. हात धरतात ते घरमालक, काम अर्धवट टाकून मी फाटकातून निसटत असतो तेव्हा.

शाळेत मी मागच्या वर्षापर्यंत आयुष्यात दोनदाच गेलो होतो. एकदा बापाने नाव घालायला नेलं तेव्हा, आणि एकदा तिथल्या मुतारीचा पाईप तुंबला तेव्हा. दुसऱ्या वेळी जास्त थांबलो. त्यामुळे हे मी लिहीत नाहीये, मोबाईलसमोर बोलतोय आणि तोच लिहून घेतोय. त्याला आमची अहिराणी समजत नाही. म्हणून जरा इस्त्री केलेली मराठी काढलीय. कुठे सुरकुती दिसली तर ती माझी, मोबाईलची नाही.

अक्कलकुवा यायच्या थोडं आधी, रस्त्याला लागून आमचं गाव. मी तिथला नळमिस्तरी. आमच्या धंद्याची गंमत अशी की माणसाची नोकरी असेल तर त्याचं तोंड फायलीत असतं, शेती असेल तर ढगात असतं, आणि माझं तीस वर्षं गटारीत आहे. का, तर आमच्या गल्ल्यांमधले रस्ते सिमेंटचे. नवीन नळ घ्यायचा तर रस्ता फोडा, परवानगी काढा, नंतर तो बुजवा, एवढं कोण करतो? मग मिस्तरी काय करतो, गटारीच्या कडेने, आतल्या अंगाने पाईप सोडतो. खोदायला नको, फोडायला नको. गटार आयतीच असते. गल्लीतले सगळे म्हणतात, मिस्तरीने डोकं चालवलं. मीही म्हणायचो. आता म्हणत नाही, पण ते पुढे येईल.

तर गटारीत तोंड घालून काम करताना मला एक नाद लागला. खाली बघायचा. लोक समजतात गटारीत घाण असते आणि संपलं. अहो, संपलं कुठे, तिथून तर सुरू होतं. पाणी संथ असलं आणि तुम्ही हालचाल न करता पाच मिनिटं उकिडवे बसलात, तर तळाच्या काळ्या चिखलावर लाल गवत उगवलेलं दिसतं. केसाएवढं बारीक. अन् ते हलतं. वारा नसताना सगळं एका तालात डोलतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी लाल लोकर टाकलीय. उचलायला बोट पुढे केलं, तर गवत गायब! नुसता चिखल. हात मागे घेतला, जरा थांबलो, की हळूच एकेक काडी परत वर. माझी सावली जरी पडली तरी सगळी एकदम आत. किडे होते ते. डोकं चिखलात रोवून बसलेले आणि शेपट्या वर काढून हलवणारे. खाणं खाली, श्वास वर. मला ते बघून इतकं आवडलं की मी स्पॅनर चिखलात ठेवला आणि विसरलो. तो स्पॅनर अजून तिथेच आहे.

दुसरा किडा त्याहून अजब. तो शोषखड्ड्याजवळच्या डबक्यात मिळतो. बोटाच्या पेराएवढी मळकट अळी, आणि मागे उंदरासारखी लांब शेपटी. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी खरोखर समजलो की उंदराचं पिल्लू बुडतंय. माझ्यातला दयाळू माणूस जागा झाला. काडीने त्याला बाहेर काढलं, रुमालावर ठेवलं, फुंकर मारली. मग लक्षात आलं की ह्याला पाय नाहीत, कान नाहीत, तोंड कुठे ते समजत नाही, आणि माझा रुमाल गेला. त्याला मी डब्यात पाण्यात सोडला. पाणी वाढवलं की ह्याची शेपटी वाढे. अजून वाढवलं, अजून वाढे. जुन्या रेडिओची कांडी ओढतात ना, तशी. शेपटीचं टोक मात्र कायम पाण्याच्या वर. म्हणजे गडी बुडालेला, नाक बाहेर, आणि नाक शेपटीला! त्या डब्यात मी कोरडी माती टाकून ठेवली, काय होतं बघू म्हणून. काही दिवसांनी त्यातून मधमाशीसारखं काहीतरी बाहेर आलं आणि माझ्या कानाशी गुणगुणलं. मी ओरडत अंगणभर पळालो. शेजारच्याने सांगितलं, ही माशी आहे, हिला नांगी नसते. हे त्याने मी टिनाच्या पत्र्यावर आपटून कपाळ फोडून घेतल्यावर सांगितलं.

बायको म्हणायची, "गटारमा काय देखी ऱ्हायनात तुम्ही? लोके इचारतस, तुम्हना मालकनं काय पडनं का तठे?"

मी म्हणायचो, "काही पडनं नई, बघतोय."

"मंग पडी जा एकदाचं," ती म्हणायची. "लोकसले उत्तर तरी देता ई."

असा माझा नाद. त्याचा कुणाला फायदा नव्हता, तोटाही नव्हता. तोटा झाला तो मागच्या फाल्गुनात.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, रस्त्यावर, एका मावशीचं चहाचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार पत्रे, एक ओटा, एक बाकडं आणि मावशीची जीभ. नवरा जाऊन खूप वर्षं झाली. मुलगा सुरतला साडीच्या कारखान्यात आहे, तो दरवर्षी म्हणतो, आई, बंद कर, इकडे ये. मावशी दरवर्षी म्हणते, "तठे चौथा माळावर माले कोन वळखस? आठे निदान शिव्या द्याले मानसे शेत." त्या शिव्या खाण्यात माझा नंबर पहिला, हे मी अभिमानाने सांगतो.

होळी आठ-दहा दिवसांवर आली होती. वर डोंगरातल्या काठी गावची होळी म्हणजे आमच्याकडे काय असतं ते सांगायला नको. तळोद्याकडून, नंदुरबारकडून, गुजरातेतून माणसं येतात, जीपा भरभरून मोलगीच्या बाजूला वर चढतात. घाटाआधी कुठेतरी उतरून पाय मोकळे करायचे, पाणी प्यायचं, चहा घ्यायचा. ते 'कुठेतरी' म्हणजे मावशीचं दुकान. ते चार-पाच दिवस ती दोन शेगड्या लावते. मुलालाही त्याच दिवसांत दाखवते, की बघ, दुकान चालतंय, मला नेऊ नको.

आणि नेमकं तेव्हा, एका सकाळी, जीपमधून उतरलेल्या एका पोराने पाण्याचा ग्लास उन्हात धरला. ग्लासात लाल दोरा. दोरा वळवळला. त्याने आधी फोटो काढला, मग ओरडला. आताची माणसं, आधी फोटो. दुपारपर्यंत तो फोटो मोलगीच्या बाजारापर्यंत पोचला. खाली लिहिलेलं, की अमुक गावाजवळ चहा पिऊ नका, किडे आहेत. मला वाचता येत नाही, पण किड्याचा चेहरा मी ओळखला. अहो, हा तर आपल्या गटारीतला!

दुसऱ्या दिवशी जीपा मावशीसमोर हळू झाल्या, बघितलं, आणि पुढे गेल्या. तिसऱ्या दिवशी हळूही झाल्या नाहीत.

मावशीने मला बोलावून घेतलं. ओट्यावर ग्लास ठेवलेला.

"मिस्तरी, हाऊ काय शे?"

मी उकिडवा बसलो. ग्लासात चार-पाच होते. आणि काय सांगू, चिखल नसल्यामुळे बिचाऱ्यांना डोकं रोवायला जागा नव्हती, तर ते एकमेकांतच डोकं घालून गुंडाळा करून बसले होते. लाल लोकरीची गोळी. मी ग्लासाला टिचकी मारली, गोळी आणखी घट्ट झाली.

"मावशी, बघ ना! गर्दीत लहान पोरं आईला धरतात तसे धरून बसलेत."

"माले गोष्ट नको सांगू. हाऊ तुन्हा नळमाईन उना."

"मन्हा नळ?" मी छातीवर हात ठेवला. "अगं, सात वर्षं झाली तो नळ बसवून, एक थेंब गळाला नाही. तुझी टाकी बघ, तुझा माठ बघ."

तिने टाकी उलटी केली, घासली, माठ फोडून नवा आणला. पुढचं पाणी आलं, पुन्हा दोरे. मग मी म्हटलं, गाळणी बघ. चहापत्ती बघ. दूधवाल्याला विचार, तो पाणी कुठलं घालतो. म्हणजे माझ्या नळाशिवाय जगात जे जे होतं ते सगळं मी तिला बघायला लावलं. ती बघत होती आणि रस्त्याने जीपा जात होत्या. चौथ्या दिवशी मुलाचा फोन आला. फोटो सुरतलाही पोचला होता. तो म्हणाला, होळी झाली की मी येतो आणि तुला घेऊन जातो, आता काही ऐकणार नाही.

मावशीने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. शिवी दिली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने मला शिवी दिली नाही.

मी काही किडे बाटलीत घेतले आणि आमच्या शाळेतल्या मॅडमकडे गेलो. आयुष्यातली शाळेची तिसरी खेप. मॅडमनी बाटली नाकाजवळ न नेता, लांबूनच बघितली.

"दादा, हे टाकीत तयार होणारे किडे नाहीत," त्या म्हणाल्या. "हे सांडपाण्याच्या गाळात राहतात. तिथे हवा फार कमी असते. यांच्या रक्तात आपल्यासारखाच लाल पदार्थ असतो, तो थोडीशी हवासुद्धा धरून ठेवतो. म्हणून दुसरं कुणी जगत नाही तिथे हे जगतात. आणि म्हणून हे लाल."

"म्हणजे ह्यांचं अन् आपलं रक्त एकच?"

"एकच नाही. पण जवळचं."

ही बातमी मला इतकी आवडली की मी खरा प्रश्न विचारायचाच विसरलो. दारापर्यंत गेलो, परत आलो. "मग मॅडम, हे नळात कसे आले?"

"गटारीचं पाणी नळाच्या पाईपात कुठेतरी शिरतंय. पाईप कुठून गेलाय, तुम्हालाच माहीत असेल ना?"

मला माहीत होतं. मीच नेलेला. पण मी मान अशी हलवली, जणू मी हे प्रकरण आत्ताच हातात घेतोय.

आता कुठल्या ठिकाणी शिरतंय ते शोधायचं कसं? इथे मला बायकांची एक जुनी सवय उपयोगी पडली. आमच्याकडे जुन्या बायका नळाच्या तोंडाला फडकं बांधतात. नारूच्या रोगाचे दिवस होते तेव्हापासूनची सवय, नारू गेला, फडकं राहिलं. मी गल्लीतल्या प्रत्येक घरी गेलो आणि म्हटलं, उद्या पाणी आलं की फडकं बांधा, अन् सोडल्यावर मला दाखवा. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी पाणी येतं, सकाळी, तासभर. त्या सकाळी मी गल्लीभर फडकी बघत फिरलो. गावच्या पाण्याच्या टाकीकडून खाली येत गेलो. पहिलं घर, स्वच्छ. दुसरं, स्वच्छ. तिसऱ्या घरच्या काकूने फडक्याबरोबर मला शिळ्या भाकरीचा तुकडाही दाखवला, म्हणाली हा पण बघून घ्या, किडा आहे का. सगळी स्वच्छ. मावशीच्या फडक्यावर सात लाल दोरे.

म्हणजे गोम फक्त मावशीच्या नळात. आणि तिच्या नळाला एकच जोड. गटारीत, दुकानाच्या मागे.

दुपारी मी एकटाच गेलो. फावड्याने गाळ बाजूला केला. जोड वर आला. नवीन जोडाला सुतळी-सफेदा लावून आटे घट्ट करायचे असतात. मी सात वर्षांपूर्वी काय केलं होतं? आटे बसत नव्हते, जेवायची वेळ झाली होती, तर सायकलची फाटकी ट्यूब कापून तिची पट्टी गुंडाळली होती आणि वर तार आवळली होती. 'आजच्यापुरतं' म्हणून. आमच्या धंद्यात आजच्यापुरतं केलेलं काम सगळ्यात जास्त टिकतं. ट्यूब आता बिस्किटासारखी भुगा झाली होती. आणि तिच्याभोवती, गोल, माझं लाल गवत. काय दाट! जणू कुणी पेरलं होतं.

मी उठलो, आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. आणि मी स्वतःला पटवलं. म्हटलं, बाबा रे, जोड फुटका असला तरी पाईपातलं पाणी जोरात बाहेर येणार. बाहेर येणारं पाणी किड्याला आत कसं नेईल? नदीच्या धारेत उलटा पोहणारा किडा नाही हा. म्हणजे मी निर्दोष.

संध्याकाळी मावशीलाही तेच सांगितलं. "पानी बाहेर येस, आत जात नई. हे शास्त्र आहे."

"तुले शास्त्र कधीपासून समजाले लागनं?"

"मॅडमशी बोलनं झालं मन्हं."

मावशी म्हणाली, "मंग पुढलं पानी येवाले बठ तठे. देख. अन् माले सांग, हाऊ आत कसा जास." मग थांबून म्हणाली, "मिस्तरी, माले सुरतले जानं नई."

एवढंच. पण हे ती असं म्हणाली की जणू सुरतचा डबा मीच गाडीला लावून ठेवलाय.

तिसऱ्या दिवशी पाणी यायच्या आधीच मी गटारीपाशी बसलो. होळीला चार दिवस राहिलेले. मावशी दुकानातून डोकं काढून बघत होती. पाणी आलं. जोडातून बुडबुडे, मग धार. मी म्हटलं तसंच झालं, पाणी बाहेर. लाल गवत धारेपासून लांब वाकलं, सगळं एका बाजूला, वाऱ्यात ज्वारी वाकते तसं. मी वर बघून ओरडलो, "मावशी! देखी ले! बाहेरच येतंय!"

मी खाली बघितलं तर धार थांबलेली.

आणि मग मी जे बघितलं ते माझ्या तीस वर्षांच्या गटारीत कधी बघितलं नव्हतं. गवत सरळ झालं. एक क्षण सरळ उभं राहिलं. आणि मग सगळं आतल्या बाजूला वाकलं, जोडाकडे. पाणी आत ओढलं जात होतं. गढूळ पाणी, गाळ, सगळं. एक किडा चिखलातून उपटला गेला. त्याने दुसऱ्याला धरलं असावं, कारण दोघंही गेले. मग चार. फुटक्या ट्यूबमधून सुर्रकन आत. मला त्यांची भीतीही वाटली आणि मजाही वाटली. मी इतका वाकलो होतो की नाक पाण्याला लागलं.

मग डोक्यात उजेड पडला. मोटार! गल्लीत कुणीतरी नळाला थेट मोटार लावलीय. पाणी आलं की मोटार सगळ्या पाईपातलं पाणी ओढते, पाईप रिकामा होतो आणि जिथे भोक असेल तिथून गटार पिऊन घेतो. मोटार बंद झाली की ते सगळं पुन्हा जोराने मावशीच्या नळात. मोटार लावायला मनाई आहे. सगळे लावतात, पण मनाई आहे.

मी उठलो. माझ्या अंगात काय संचारलं! हातापायाला चिखल, नाकाला चिखल, मी गल्लीतून ओरडत निघालो. "मोटार कोनी चालू करी? कोनी करी मोटार चालू? एका बाईचं दुकान बुडायला लागलंय अन् तुम्हाला वरच्या टाक्या भरायच्या! लाज नाही!" लोक दारात आले. मी प्रत्येक दाराशी कान लावला. पहिलं घर, आवाज नाही. दुसरं, नाही. भाकरीवाल्या काकूचं, नाही. त्या काकू मागे निघाल्या, त्यांच्या मागे आणखी दोघं, त्यांच्या मागे मावशी, हातात चहाचं पातेलं तसंच. शेवटी एका घरातून आवाज आला. घुर्रर्र. मी दार ढकललं आणि दात ओठ खात आत शिरलो.

बायको चूल फुंकत होती.

"इतला आवाज कशाले?" ती म्हणाली. "पानी उनं का बटन दाबी देवानं, तुम्हीच सांगेल व्हतं ना? दाबी दिधं मी."

मागे आठ-दहा माणसं उभी होती. मोटार चालूच होती. मी ती बंद केली. तेवढ्याने तरी आवाज कमी होईल असं वाटलं, पण मागे हसण्याचा आवाज सुरू झाला.

भाकरीवाल्या काकू म्हणाल्या, "चोर सापडला का मिस्तरी?"

मी वर चढलो आणि टाकीचं झाकण उघडलं. खरं तर मला उघडायचं नव्हतं. पण मला नाद आहे ना बघायचा. टाकीच्या तळाला, कोपऱ्यात, लाल लोकरीचा गुंडाळा होता. लिंबाएवढा. शांत, खुशाल.

ह्या टाकीचं पाणी घरात एकच माणूस पितो. बायको पिण्याचं पाणी हापशावरून आणते. मी कितीदा म्हटलं, अगं, नवरा नळमिस्तरी, आणि तू हापशावर? ती म्हणायची, म्हणूनच. मी मात्र ऐटीत टाकीचंच पाणी प्यायचो. आपल्या हातचा नळ, आपल्या हातची टाकी. किती दिवस प्यायलो ते त्या किड्यांनाच विचारा. मॅडम म्हणाल्या होत्या, यांचं रक्त आपल्या रक्ताच्या जवळचं. आता तर नातंच लागलं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी दुसरं काही केलं नाही. आधी मोटार काढली. मग पंचायतीत जाऊन रस्ता फोडायची परवानगी मागितली. तिथल्या माणसाने दोनदा विचारलं, की तुम्ही? परवानगी? मग छिन्नी-हातोडा घेऊन सिमेंटच्या रस्त्याच्या कडेने दुकानापर्यंत चर पाडला. तळहाताचे फोड फुटले. गटारीतला पाईप उपटून टाकला, नवीन पाईप जमिनीतून नेला, गटारीपासून लांब. आटे नीट बसवले, सुतळी-सफेदा लावला. जेवायची वेळ झाली तेव्हा जेवायला गेलो नाही. माझ्या आयुष्यात एवढा नीट जोड मी पहिल्यांदा केला, आणि तो कुणाला दिसणार नाही, कारण वर सिमेंट.

पाणी आलं. मावशीच्या फडक्यावर काही नाही. पांढरं फडकं. मी ते झेंड्यासारखं हलवलं.

"घे मावशी, झालं."

मावशीने रस्त्याकडे बोट दाखवलं. एक जीप आली, हळू झाली, पुढे गेली.

"नळ नीट व्हयना," ती म्हणाली. "मन्हं नाव कुठे नीट व्हयनं? त्या फोटोमा तुन्हा पाईप दिसस का? मन्हा ग्लास दिसस."

किड्याने काही केलं नव्हतं, तो आपल्या जागी सुखात होता. मावशीने काही केलं नव्हतं. जे केलं ते मी, आणि बोट दुसरीकडे. मनात आलं, की गप्प बसलो तर कुणाला काय कळणार? गल्लीला कळलंय, पण मोलगीला कुठे कळलंय? मिस्तरीचा धंदा आहे, पोट आहे. रात्रभर हे मनात चाललं असं मी सांगितलं असतं, पण मी झोपलो. सकाळी उठलो तेव्हा मात्र हातात ग्लास घेऊन निघालो.

होळीच्या आदल्या दिवशी मी मावशीच्या दुकानासमोर रस्त्यात उभा राहिलो. जीप आली की हात करायचा. ड्रायव्हर ओळखीचे, थांबायचे. मी म्हणायचो, "फोटो बघितला ना? तो किडा मावशीचा नाही, माझा. पाईप माझा, जोड माझा, मोटार माझी. किडे माझ्या टाकीतही निघाले, तेच पाणी मी पीत होतो. दुकान स्वच्छ आहे." मग सगळ्यांसमोर मावशीच्या टाकीच्या तोटीखाली ग्लास धरायचा, उन्हात दाखवायचा, आणि गटागटा प्यायचा. पहिल्या जीपमधले कुणी उतरले नाहीत. दुसऱ्यातला एक म्हातारा उतरला, पावरा आदिवासी, काठीला चाललेला. डोक्याला नवा फेटा, खांद्यावर ढोल. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि म्हणाला, "तू तुझ्या टाकीचं पाणी किती दिवस प्यायला?"

"सात वर्षं."

"मग मेला नाही, म्हणजे चहा चालेल," असं म्हणून तो बाकड्यावर बसला.

तो बसला म्हणून जीप उतरली. एक जीप थांबलेली दिसली की दुसरी थांबते, हा रस्त्याचा नियम आहे. दुपारपर्यंत मावशीने दुसरी शेगडी पेटवली. कुणीतरी माझा ग्लास पितानाचा फोटो काढला, तोही फिरला म्हणतात. संध्याकाळी मावशीने मुलाला फोन लावला आणि मोबाईल नुसता गर्दीकडे धरला. त्याला ढोल ऐकू आले असतील, कपबशा ऐकू आल्या असतील. थोड्या वेळाने तिने फोन कानाला लावला आणि म्हणाली, "आते सांग." तिकडून काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. पण फोन ठेवल्यावर तिने मला एक अशी कडक शिवी दिली की मी लगेच चहा मागितला.

मग मला राहवेना. पोरांनी विचारलं, चाचा, तो किडा कसा असतो हो? आता मला कुणी असं विचारतं का कधी! मी बाकड्यावर ऐसपैस बसलो. लाल गवत सांगितलं, डोकं खाली शेपटी वर सांगितलं, शेपटीतून श्वास सांगितला, आपल्या रक्ताचं अन् त्याचं नातं सांगितलं. उंदराच्या शेपटीवाल्या अळीचं सांगितलं, तिची शेपटी कशी लांब लांब होत जाते ते दोन्ही हातांनी दाखवलं. एका बाईने कप तोंडापर्यंत नेला होता, तो तिने खाली ठेवला. तिच्या शेजारचा उठून जीपमध्ये जाऊन बसला. मी म्हटलं, थांबा, अजून त्याची माशी व्हायची आहे.

मावशी शेगडीवरून उठली. माझ्या हातातला कप घेतला, त्यात बघितलं, रिकामा होता.

"चहा पी लिधा ना? मंग ऊठ. बाकडं गिऱ्हाईकसाठे शे."